तीस वेळा बघ

आमच्या कारखान्यात मी ओततो आणि मामा बुडवतात. हे वाक्य मी पाहुण्यांसमोर टाकलं की मामी डोळे वटारते, कारण ऐकणाऱ्याच्या मनात भलतीच शंका येते. पण ते अक्षरशः खरं आहे. मी दोन नंबरच्या मशीनवर वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम साच्यात ओततो आणि त्यातून जो नग निघतो तो मामा पाण्याच्या टाकीत बुडवून तपासतात. मी जन्म देतो, ते संशय घेतात.

संशय हा मामांचा मूळ स्वभाव की नोकरीने लावलेली सवय, हे मामीलाही सांगता येत नाही, आणि त्यांच्याच घरी राहणाऱ्या मला, त्यांच्या भाच्यालाही नाही. लग्न झालं तेव्हा ते टाकीवरच होते. घरात गरम पाण्याची नवी पिशवी आली की आधी बादलीत. नवी बाटली, नवा डबा, शेजारच्या पोरीचा फुगवायचा चेंडू, सगळं आधी बादलीत. कुकरची शिट्टी व्हायला दोन मिनिटं उशीर झाला तर मामा ओट्यापाशी येऊन झाकणाच्या कडेला कान लावतात. ताई म्हणजे मामांची एकुलती एक मुलगी. तिने लग्न ठरवलं आणि मुलगा पहिल्यांदा घरी आला, तेव्हा मामा त्या बिचाऱ्याकडे इतका वेळ एकटक बघत बसले की मी मामीच्या कानात विचारलं, "बादली आणू का?"

हा धातू ज्यांनी हातात घेतला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आम्ही कॉम्प्रेसरचं, म्हणजे हवा दाबणाऱ्या यंत्राचं, डोकं बनवतो. ते दिसायला असं भक्कम, की नवखा माणूस उचलायच्या आधी पाय रोवून उभा राहतो. आणि उचललं की हात झटक्याने वरच जातो, इतकं हलकं. गंज म्हणून चढत नाही. उष्णता आली की धरून ठेवत नाही, अंगावरच्या पातळ पात्यांमधून बाहेर सोडून देतं. मामी म्हणते, माझ्यासारखंच, तापायला वेळ नाही आणि निवायला वेळ नाही. शिवाय एरवी जे आठ तुकडे जोडून करावं लागेल ते आम्ही एका दणक्यात करतो: भिंती, पाती, उंचवटे, अक्षरं, सगळं एकदम. म्हणून रस्त्यावरच्या दिव्याची पाठ, शिलाई मशीनचं अंग, मोटरचं कवच, गिअरचं झाकण, काहीही घ्या. दिवसभरात कुठे ना कुठे तुमचा हात आमच्यासारख्यांच्या कामाला लागतोच.

दोष एकच, आणि तो घाईचा. भट्टीतला रस मशीन डोळ्याचं पातं लवायच्या आत पोलादी साच्यात घुसवतं. इतक्या घाईत शिरताना तो साच्यातली थोडी हवाही सोबत गुंडाळून नेतो. वरची कातडी घट्ट बसते, चकचकीत दिसते. आत मात्र बारीक पोकळ्या राहतात. त्या आतल्या आत आहेत तोवर कुणाचं काही बिघडत नाही. पण पुढे ड्रिलने भोकं पाडताना, कडा खरवडताना ती कातडी निघते आणि एखादी पोकळी दुसरीला, दुसरी तिसरीला भेटत बाहेरपर्यंत वाट काढते. ती वाट डोळ्याला दिसत नाही. पाण्याला दिसते.

म्हणून मामा. नगाची सगळी तोंडं रबराने दाबून बंद करायची, आत दाबाची हवा सोडायची, नग पाण्याखाली न्यायचा आणि तीस सेकंद बघायचं. बुडबुडे दोन जातीचे. नग बुडवताना अंगाला चिकटून आलेला तो 'बसका'. तो बसून राहतो, बोट फिरवलं की जातो. एकामागून एक वर निघतो तो 'चालता'. चालता दिसला की नगावर लाल फुली आणि नग परत भट्टीत. मोठी गळती पहिल्या पाचात कळते. अवघड असतो तो वाकडातिकडा रस्ता काढत येणारा. तो वीसनंतर, पंचविसाव्याला, कधी अठ्ठाविसाव्याला डोकं वर काढतो. मामा त्याला 'लाजरा' म्हणतात.

मोजायची रीत मामांना एका जुन्या मिस्त्रीने शिकवली होती. नुसतं एक, दोन, तीन नाही. 'एक, बघ. दोन, बघ. तीन, बघ.' आकडा जिभेला काम म्हणून, आणि 'बघ' डोळ्यांना. दोन्ही मिळून बरोबर एक सेकंद होतो. मी एकदा स्टॉपवॉच लावून पाहिलं होतं. मामांच्या तीस बघला स्टॉपवॉच तिसावर उभं. मी टाळ्या वाजवल्या तर म्हणाले, "तुझं घड्याळ बरं आहे रे."

टाकीला घड्याळ होतं, तीस झाले की किरकिरणारं. या गोष्टीच्या आठ दिवस आधी त्यात पाणी गेलं आणि ते दुरुस्तीला गेलं. क्वालिटीच्या मॅडमनी दुसरं मागवू का विचारलं. मामा म्हणाले, "कशाला? मी घड्याळाच्या आधीपासून मोजतोय."

घड्याळ नको म्हणण्यामागे थोडं राजकारणही होतं. टाकीपासून दहा पावलांवर, भिंतीला टेकून, एक नवंकोरं मशीन प्लास्टिकमध्ये गुंडाळून उभं होतं. पाणी नाही, बुडबुडे नाहीत. नग आत ठेवला की ते स्वतःच हवेचा दाब मोजतं आणि हिरवा नाहीतर लाल दिवा लावतं. आम्ही त्याला 'पाहुणा' म्हणायचो. पाहुणा पाच महिने तसाच उभा होता, कारण मॅडमनीच मामांना शब्द दिला होता: "मामा, टाकीची तक्रार येत नाही तोवर तुमची टाकी. एक तक्रार आली की मात्र माझा नाइलाज." मामांना रिटायर व्हायला दोन वर्षं होती. रोज सकाळी टाकीकडे जाताना ते पाहुण्याकडे न बघता जायचे, आणि न बघण्यासाठी मान इतकी वळवायची की एकदा खांबावर आपटले.

तर त्या दिवशी सकाळी जावयाचा फोन आला: ताईला कळा सुरू झाल्या, हॉस्पिटलमध्ये आणलंय. दिवस भरायला अजून तीन आठवडे होते. मामी लगेच निघते म्हणाली. जावई म्हणाला, वेळ लागेल, उद्या सकाळच्या गाडीने दोघंही या. मामांनी रजेचा अर्ज खिशात घातला आणि कामावर आले.

आमच्याकडे मोबाइल कपाटात ठेवून आत यावं लागतं. मामा आत आले, पण त्यांचं चित्त कपाटात राहिलं. मी एकदा पाणी प्यायला टाकीवरून गेलो. मामा पाण्यावर वाकलेले, ओठ भराभर हलत होते: "सात आठ नऊ दहा अकरा बारा..."

मी म्हणालो, "काय मामा, आज टाकीला एक्सप्रेस लागलीय?"

त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. मीही माझ्या विनोदावर खूश होऊन निघून गेलो. ही गोष्ट मी इथे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे मामांनी एकट्याने सगळं अंगावर घेतलं. ऐकलं मी होतं. 'बघ' गळालाय हे माझ्या कानावर पडलं होतं. डोक्यात शिरलं नाही.

संध्याकाळी पाळी सुटताना गंमत झाली. रोजचे चारशे नग व्हायचे, त्या दिवशी चारशे ऐंशी झाले. मॅडमनी दाराजवळच्या फळ्यावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'टाकी – ४८० नग. मामा, शाबास!' लोक पाठीवर थापा मारू लागले. भट्टीवाला म्हणाला, "मामा, पाहुणा आता काही प्लास्टिकमधून बाहेर येत नाही." मामा हसले. हात पुसत पुसत कपाटाकडे धावले.

फोनवर काही नव्हतं. फोन आला तो घरी, चहा होत असताना. मामीने तो स्पीकरवर टाकला.

"मुलगी झाली!" जावई ओरडला.

मामी तिथेच ओट्याला टेकून रडायला लागली. मामांनी चष्मा काढला, पुसला, उलटा घातला.

"दोघी बऱ्या आहेत ना?" मामीने विचारलं.

"हो हो. म्हणजे... बाळ जरा लहान आहे. श्वासाला थोडा त्रास होतोय म्हणून ऑक्सिजन लावलाय. डॉक्टर म्हणाले घाबरायचं कारण नाही."

मग मामा फोनजवळ वाकले आणि म्हणाले, "मशीन कुठलं आहे?"

"काय?"

"ऑक्सिजनचं. खाली चाकं असलेलं पेटीसारखं आहे का? आवाज कसा येतोय? एकसारखा, की मध्ये दम खातोय?"

"बाबा, मी मशीन नाही बघितलं. मी मुलगी बघितली."

"मग जाऊन बघ ना!"

मामीने फोन ओढून घेतला. "अहो, काय विचारताय! तो बाप झालाय आज, मेकॅनिक नाही."

मी हसलो. मामा हसले नाहीत. ते खुर्चीवर बसले आणि समोरच्या कपाकडे बघत राहिले. मला माहीत होतं ते काय बघतायत. आमच्या कॉम्प्रेसरचं डोकं जातं ते अशाच पेट्यांमध्ये. खोलीतली हवा ओढायची, दाबायची, गाळायची आणि पलीकडच्या नळीतून ऑक्सिजन द्यायचा. डोकं गळकं असलं तर पेटी बंद पडत नाही, हीच खरी भीती. ती चालूच राहते. आवाज येतो, दिवा लागतो. नळीतून मात्र हवं तितकं येत नाही. पुढच्या कंपनीत ती पेटी तपासतात म्हणे. पण तिथेही कुणीतरी माणूसच असणार, आणि त्याचीही मुलगी कुठेतरी असणार.

आणि मग मामांचे ओठ हलले. "एक, बघ. दोन, बघ." पाचापर्यंत गेले आणि थांबले. माझ्याकडे वळून म्हणाले, "आज चारशे ऐंशी कसे झाले रे?"

"झाले म्हणजे झाले. हात चालला."

"हात रोजचाच आहे. घड्याळ नाही टाकीला. कसे झाले?"

आमच्या शाळेत गणिताचे सर टाकी भरायची गणितं घालायचे: एक नळ इतक्या वेळात भरतो, दुसरा इतक्या वेळात रिकामी करतो. मला वाटायचं, असल्या टाक्या जगात कुणाच्या असतात? त्या संध्याकाळी बाळाच्या बातमीच्या कागदाच्या पाठीवर, म्हणजे मामीने वजन आणि वेळ लिहून घेतली होती त्याच कागदावर, मी मामांच्या टाकीचं गणित सोडवलं. रोज चारशे नग, नगाला एक मिनिट: तीस सेकंद उचल-ठेव, पुसापुशी आणि खुणेचे, तीस बघायचे. म्हणजे काम चारशे मिनिटांचं. आज तेवढ्याच वेळात चारशे ऐंशी. नगाला आले पन्नास सेकंद. उचल-ठेव तितकीच धरली तर बघायला उरले...

"वीस," मामा म्हणाले. त्यांनी ते तोंडीच केलं होतं.

"मामा, तसं नक्की थोडंच..."

"तीस म्हटले आणि वीस बघितले. लाजरे सगळे निघून गेले असतील."

"निघून गेले असतील म्हणजे, असतील तर. नसतीलही."

"हो. नसतीलही," मामा म्हणाले. एवढ्या वर्षांत असतील-नसतील हे शब्द मामांच्या तोंडून मी ऐकले नव्हते. टाकीत असतं किंवा नसतं.

मामीने हे सगळं ऐकलं आणि तिला जे कळायचं ते लगेच कळलं. "हे बघा, सकाळी सहाची गाडी आहे. आपण नातीला बघायला जायचंय. कारखान्याचं आल्यावर बघू."

"ट्रक सातला सुटतो."

"तुमच्या एकट्याच्या जिवावर चालतो का तो कारखाना?"

रात्र कशी गेली ते सांगत बसत नाही. मामी पहाटे एकटीच निघाली. जाताना मला म्हणाली, "फोन मी करीन. तुझ्या मामांना सांग, एकदा वाजला तर सगळं ठीक आहे असं समजा, उचलला नाही तरी चालेल. काही कमी-जास्त असेल तर लगेच दुसऱ्यांदा करीन." मामांशी ती बोलली नाही. डबा मात्र भरून ठेवला होता.

साडेसहाला आम्ही फाटकावर. ट्रक भरलेला, ताडपत्री बांधून झालेली. ड्रायव्हर आरशात बघून केस विंचरत होता.

"दादा, थोडं थांबा," मामा म्हणाले.

"कशासाठी?"

"आतला माल परत बघायचाय."

ड्रायव्हरने कंगवा खिशात घातला. "मामा, नऊ गाठी मारल्यात मी. कागद झालेत. तुम्ही सोडलेला माल आणि तुम्हीच म्हणता परत बघायचा? तब्येत बरी आहे ना?"

वॉचमन म्हणाला, "मॅडमचा निरोप असेल तर थांबवतो. त्या आठला येतात."

सातला पंधरा मिनिटं होती. मामांकडे मॅडमचा नंबर होता. तो त्यांनी कधीच लावला नव्हता. फोन हातात धरून ते फाटकापासून विजेच्या खांबापर्यंत गेले, परत आले. दोनदा. मी म्हणालो, "मी बोलू का? सांगतो की काहीतरी घोळ वाटतोय, एवढंच. तुमचं नाव नको."

"नाव नको तर मग कुणाचं? पाण्याचं?"

त्यांनी फोन लावला. मी जवळ होतो, मला दोन्हीकडचं ऐकू येत होतं.

"मॅडम, मी टाकीवरचा. काल मी तीस मोजले नाहीत."

पलीकडे नळ बंद झाल्याचा आवाज. मग, "किती मोजले?"

"वीस."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तुम्हीच. फळ्यावर लिहिलंय."

मॅडम म्हणाल्या, "फोन वॉचमनला द्या."

नऊ गाठी सुटल्या. ड्रायव्हरने प्रत्येक गाठीला एक शब्द वापरला, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. सव्वासातला माल टाकीपाशी आला आणि मॅडम केस ओलेच घेऊन आल्या. त्यांनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं विचारलं, "मामा, तुम्ही मोजाल?"

"नको," मामा म्हणाले. "माझ्या जिभेवर आज माझा विश्वास नाही. मी बघतो. हा मोजेल." हा म्हणजे मी. माझ्या मशीनवर दुसरा माणूस लावला. मॅडमनी आपला मोबाइल स्टॉपवॉच म्हणून टाकीच्या कडेला ठेवला आणि मग मामांचाही फोन कपाटातून आणवून, पाणी उडू नये म्हणून पालथा, त्याच्या शेजारी ठेवला. आमच्या कारखान्यात असं कधी झालेलं नव्हतं.

पहिला नग पाण्याखाली गेला. मी म्हणालो, "एक, बघ. दोन, बघ."

तीस वेळा बघ म्हणणं फार सोपं वाटतं. दहा नगांनंतर जीभ जड होते. पन्नास नगांनंतर आपण हे बाहेरून ऐकतोय असं वाटायला लागतं. मामा पाण्यावर वाकलेले, पापणी न हलवता. पन्नास नग स्वच्छ. शंभर स्वच्छ. दीडशे स्वच्छ. मला हायसं वाटायला लागलं. मामांचा चेहरा मात्र आणखी आक्रसत चालला, आणि मला कळलं की त्यांना दोन्हीकडून भीती आहे. चालता निघाला तर काल त्यांनी गळका माल सोडला. नाही निघाला तर त्यांनी ट्रक थांबवला, मॅडमना धावत आणलं, नातीला बघायला गेले नाहीत, ते सगळं फुकट.

भट्टीवाला येऊन बघून गेला. "काय मामा, सापडलं का काही? की उगाच पाण्याला त्रास?"

"तीस झाले की बोलतो," मामा म्हणाले.

दोनशे बारावा नग. मी 'चोवीस' म्हणालो आणि मामांचं बोट पाण्यात शिरलं. खालच्या पात्याच्या मुळाशी एक बुडबुडा होता, मोहरीएवढा. बोटाने पुसला. 'पंचवीस, बघ.' तिथेच दुसरा. तो सुटला आणि वर आला. मग तिसरा.

"चालता," मामा म्हणाले. इतक्या हळू की मॅडमनी "काय?" विचारलं.

त्यांनी लाल फुली मारली. फुली वाकडी आली. मी पुढचा नग लावला.

तीनशे नवव्यात दुसरा निघाला, सत्ताविसाव्याला. जेवायच्या सुट्टीत मामांनी डबा उघडला, बंद केला. फोनकडे बघितलं. सकाळपासून तो एकदाही वाजला नव्हता. गाडीच्या वेळेप्रमाणे मामी पोचून तीन तास झाले होते. मी म्हणालो, "फोन नाही म्हणजे चांगलंच की."

"फोन नाही म्हणजे फोन नाही," मामा म्हणाले.

तीन वाजायच्या सुमारास, चारशे एकतिसावा नग पाण्याखाली होता. मी 'सोळा, बघ' म्हणालो आणि फोन वाजला. टाकीच्या पत्र्यावर थरथरत तो कडेने सरकू लागला. माझी जीभ थांबली.

"मोज," मामा म्हणाले. नजर पाण्यातच.

"सतरा, बघ. अठरा, बघ."

फोन थांबला. म्हणजे मामीचा एक फोन, सगळं ठीक. मी श्वास घेतला. 'एकोणीस' म्हणेपर्यंत तो पुन्हा वाजला.

दुसऱ्यांदा. मी मामांकडे बघितलं. पाण्यात त्यांचा चेहरा दिसत होता, आणि चेहऱ्यातून आरपार तो नग.

"मामा, दुसऱ्यांदा वाजतोय."

"ऐकतोय मी. वीस म्हण."

"वीस, बघ." मी मोजत राहिलो. "एकवीस, बघ. बावीस, बघ." फोन चोविसाव्यापर्यंत वाजत राहिला. पुढचे सहा सेकंद मी आयुष्यात विसरणार नाही. मॅडम फोनकडे बघत होत्या, मी मामांकडे, मामा पाण्याकडे. "एकोणतीस, बघ. तीस, बघ."

त्या नगात काहीही नव्हतं. अगदी स्वच्छ. मामांनी तो बाहेर काढला, पुसला, हिरवी टिकली लावली, खाली ठेवला. हात पुसले. मग म्हणाले, "तुझ्या मामीला लाव आता."

मामीने पहिल्याच घंटीला उचलला. "अहो, नळी काढली! सकाळीच काढली म्हणे, आणि मला आत सोडायला आत्ता वेळ मिळाला त्यांना. छान श्वास घेतेय. नाक तुमचं आहे, पण होईल बरं."

"मग दोनदा कशाला फोन केलास?" मामा ओरडले. मामीवर ओरडलेले मी पहिल्यांदाच ऐकले.

"मी कुठे दोनदा केला? एकदाच केला. दुसरा जावईबापूंनी केला असेल. त्यांना स्वतः सांगायचं होतं, मी आधी सांगेन म्हणून बाहेर जाऊन लावत होते."

मामा टाकीच्या कडेला टेकले. मॅडम पाठ फिरवून फळ्याकडे बघू लागल्या; त्यांचे खांदे हलत होते, हसत होत्या की काय ते कळलं नाही. मामा सरळ झाले आणि म्हणाले, "एकोणपन्नास राहिलेत. लाव."

त्या एकोणपन्नासात तिसरा निघाला, सव्विसाव्याला.

तीन नग टेबलावर मांडले होते, प्रत्येकावर लाल फुली, पहिली सर्वांत वाकडी. मॅडमनी फळा पुसला आणि खडू मामांच्या हातात दिला. मामांनी लिहिलं: 'टाकी – ४८० पुन्हा पाहिले. ३ चालते.' शाबास वगैरे काही नाही.

"मामा," मॅडम म्हणाल्या, "उद्या मला त्या मशीनचं प्लास्टिक काढावं लागेल."

"काढा," मामा म्हणाले. पाहुण्याकडे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा सरळ बघितलं. "त्याला सकाळी विचारणार कोण, की बाबा, तुला आज दिसतंय ना?"

"म्हणजे?"

त्यांनी तिन्ही लाजरे नग पुढे सरकवले. "हे भट्टीत नका टाकू. रोज काम सुरू करायच्या आधी हे तिघे त्याला दाखवायचे. तिन्ही वेळा लाल लागला तरच पुढचे नग. नाही लागला तर टाकीत पाणी भरलेलं असू द्या."

मॅडमनी थोडा विचार केला. "आणि हे रोज दाखवणार कोण?"

मामांनी तिन्ही नगांवरचं पाणी पुसलं. दुसऱ्या दिवशी त्या कामाच्या कागदावर कुणाचं नाव येतंय ते मामांना माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. रात्रीच्या गाडीने ते मामीकडे जाणार होते. रजेचा अर्ज अजून खिशातच होता, पाण्याने भिजून घड्या एकमेकींना चिकटलेला.

निघताना त्यांनी एक नग उचलला, उलटा केला, चष्मा वर करून आतल्या कडेची खूण वाचली. प्रत्येक नगावर मशीनचा नंबर साच्यातूनच येतो. त्यांनी दुसरा उलटा केला. तिसरा उलटा केला.

"दोन नंबर," ते म्हणाले. "तिन्ही."

दोन नंबरचं मशीन म्हणजे मी. साच्याला हवा बाहेर पडायच्या बारीक चिरा असतात. त्या रोज पाळी सुरू व्हायच्या आधी ब्रशने साफ करायच्या असतात, नाहीतर हवा आतच कोंडते. मामांनी काल बघितलेला माल परवा ओतलेला. परवा सकाळी मी त्या साफ केल्या होत्या का? केल्या असतील. नसतीलही.

"मामा, मला वाटतं मी..."

"वाटतं नको," मामा म्हणाले. "जा. बघ."